खळ्यात घुसलेलं मोटरहोम

डोंबिवलीतून निघायलाच आम्हाला पाऊण तास लागला. आमचं मोटरहोम सोसायटीच्या फाटकातून बाहेर काढायचं म्हणजे वॉचमनने आधी सगळ्या दुचाक्या हलवायच्या, पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी वाळत घातलेली चादर आत ओढून घ्यायची आणि मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून "ये, ये, अजून ये, बस!" असं ओरडायचं. मागे रिक्षावाले हॉर्न वाजवत असतात आणि त्यांचं काही चुकत नाही. शनिवारी सकाळी हा सगळा सोहळा पार पडला, मी घामाघूम होऊन गाडीत चढले आणि अरुण म्हणाला, "बघ, किती सहज निघाली."

अरुण माझा नवरा. आम्ही एकाच ऑफिसात नोकरीला होतो, म्हणून आमचं पहिल्यापासून अरे-अगं. निवृत्त झाल्यावर त्याने हौसेने ही गाडी घेतली. सहा माणसं झोपतील एवढी, आत ओटा, फ्रिज, संडास, सगळं आहे. झोपणारी माणसं मात्र दोनच. मुलगी जावयासह एकदा आली होती, त्यांनी रात्री हॉटेलात खोली घेतली. छप्पर एका कोपऱ्यात गळतं. कपाटांच्या खिट्या सैल झाल्यात, त्यामुळे खराब रस्ता लागला की मी मागे बसून दोन्ही हातांनी दारं दाबून धरते. संडासाची टाकी रिकामी कोण करतं ते विचारू नका. माणसं आपली मोटरहोम का बदलतात, हे अशा गाडीवाल्यांच्या ग्रुपवर मी आवडीने वाचते. कुणाचे गुडघे वरच्या बर्थवर चढू देत नाहीत, कुणाची मुलं मोठी झाली, कुणाला वळणावर गाडी मागे घ्यायचा कंटाळा आला. सगळी कारणं मला पटतात.

माझं खरं कारण मात्र वेगळं होतं. ही एवढी मोठी गाडी अरुणशिवाय कुणाला चालवता येत नाही. माझ्याकडे बावीस वर्षांपासून लायसन्स आहे, पण ते छोट्या गाडीचं. आणि गेल्या वर्षभरात अरुण सूर्य मावळला की गाडी चालवेनासा झाला होता. आज पाठ दुखतेय, उद्या चहा प्यायचाय, अशी काहीतरी सबब. डोळे तपास म्हटलं की "तपासले, उत्तम आहेत" म्हणून विषय बंद. मला धास्ती वाटत होती, आणि धास्ती वाटली की मी भांडते. शेवटी मी स्पष्ट सांगितलं, मला चालवता येईल अशी छोटी गाडी घेतलीस तरच मी पुढे कुठे येईन, नाहीतर हिच्यात मी पुन्हा पाय ठेवणार नाही. मुरबाडला किशोरशेठ म्हणून एकजण जुन्या गाड्या बदलून देतात. तिथे गाडी "नुसती दाखवायला" अरुण तयार झाला, पण डोळखांबकडे जंगलात दोन रात्री मुक्काम करून मग मुरबाड, ही त्याची अट.

आसनगाव सोडून शहापूरला आलो. माहुली किल्ल्याचे सुळके डिसेंबरच्या स्वच्छ उन्हात अगदी जवळ आल्यासारखे दिसत होते. गावात वळताना एका दुकानाची ताडपत्री आमच्या छपराला अडकली, ती सोडवेपर्यंत दुकानदार, त्याचा भाऊ आणि बसची वाट बघणारे सगळे प्रवासी जमले. सापगावला पुलाच्या अलीकडे चहाला थांबलो, तर तिथे वेगळीच गंमत. पांढरी, लांबलचक गाडी बघून एक म्हातारी काठी टेकत आली आणि खिडकीशी उभी राहिली.

"डोळं तपासाची गाडी का गो ही?"

"नाही हो आजी, ही आमची राहायची गाडी आहे."

"मंग माज्या डोळ्याचा काय?" तिने मलाच विचारलं. तिच्यामागे आणखी दोघं येऊन थांबले होते. एकाने पँट वर करून गुडघाही दाखवला. मी पोट धरून हसले. अरुण हसला नाही. त्याने काच वर केली, अर्धा चहा तसाच ठेवला आणि गाडी सुरू केली. मला वाटलं, ताडपत्रीचा राग अजून उतरला नाही.

डोळखांबच्या बाजूला रस्ता अरुंद होत गेला. दोन्हीकडे भात कापून झालेली शेतं, बांधावर सागाची झाडं आणि समोर सह्याद्रीची निळसर भिंत. बघण्यासारखं खूप होतं, पण मी बघत नव्हते. मी मागे बसून कपाटं धरली होती. फांद्या छपरावर कराकरा घासत होत्या. "जागा सापडली!" अरुण पुढून ओरडला, "काय मस्त सपाट आहे बघ!" गाडी उजवीकडे वळली, एकदम मऊ काहीतरी लागलं, मग काडकन आवाज झाला आणि माझ्या हातातून कपाट सुटून डाळीचा डबा माझ्या मांडीवर आदळला.

मी खाली उतरून बघितलं. आम्ही एका खळ्यात (भात झोडायच्या अंगणात) घुसलो होतो. ताजं सारवलेलं, आरशासारखं गुळगुळीत खळं, कडेला भाताच्या भाऱ्यांची उंच रचलेली उडवी, आणि त्या खळ्यात आमच्या सहा चाकांनी वीतभर खोल दोन चर पाडले होते. मधोमध बैल फिरवायला रोवलेली छातीइतकी उंच मेढ होती, म्हणजे लाकडी खांब. ती मोडून आमच्या बंपरखाली पडली होती.

"तुला एवढा खांब दिसला नाही?" मी ओरडले.

"खांब कुठे होता?" तो म्हणाला. तो बहाणा करत नव्हता. त्याच्या तोंडाकडे बघून मला ते कळलं, आणि कळायला नको होतं असंही वाटलं.

तेवढ्यात वरच्या पाड्यावरून पन्नाशीची एक बाई धावत आली. खळ्याच्या कडेला येताच तिने आधी पायातल्या चपला काढल्या आणि मगच आत पाय टाकला. तिचं नाव पारूबाई. खळं तिचं आणि तिच्या दिराचं, काळूदादाचं.

"आमी खळ्यात चपला घालून नाय जात," ती म्हणाली, "आन तुमी तं अख्खं घर घेऊन घुसलात!"

मी निमूटपणे सँडल काढल्या. अरुणने बूट काढले. आता काढून काय उपयोग होता, पण काढले. अरुणने खिशाला हात घातला तशी ती आणखी भडकली. "पैसं नको मला. सोमवारी झोडणी हाय. पैसं काय अंथरू का खाली? खळा पयल्यासारखा करून द्या नि मंग जा."

काळूदादाने ट्रॅक्टर आणून आमची गाडी मागे ओढली. ओढताना तो एवढंच म्हणाला, "लय जड हाय हो तुमचा संसार." मला हसू आलं नाही. सहा माणसांच्या संसाराचं ओझं दोघांनी वर्षानुवर्षं कशाला वाहायचं, हे मी डोंबिवलीपासून बोलत होते.

रविवारी सकाळपासून आम्ही खळं करायला बसलो. बसलो म्हणजे वाकलो. नदीकाठची माती घमेल्याने आणून चरात भरायची, पाणी शिंपडायचं, मग चोपण्याने (लाकडी फळीने) बडवून घट्ट करायची. तासाभरात माझी कंबर धरली. माझ्या शेजारी पारूबाई इतकी झरझर चोपत होती की मला स्वतःची लाज वाटली. दुपारी तिने नाचणीची भाकरी आणि सुक्या जवळ्याचं लाल तिखट कालवण वाढलं. काल आमच्यावर ओरडणारी हीच बाई आज "घे गो, अजून घे" म्हणत ताटात भाकरी टाकत होती. आमच्या फ्रिजमध्ये चीजचे तुकडे आणि फळांचं दही होतं. ते मी बाहेर काढलंच नाही.

दुपारनंतर शेणाने सारवायला घेतलं. एका बाजूने मी, एका बाजूने अरुण. मोठ्या उत्साहाने त्याने हाताने शेण पसरायला सुरुवात केली.

"दादा, तो तुकडा राह्यला," पारूबाई म्हणाली.

त्याने घाईने दुसरीकडे हात मारला.

"तो नाय, हा. तुमच्या समोरचाच."

तिने तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिने स्वतःच येऊन तो तुकडा सारवला. संध्याकाळी हंड्यावर हात धुताना मात्र तिने मला बाजूला घेतलं.

"बाय, दादाला धड दिसत नाय गो. तुला ठावं नाय?"

मला तिचा रागच आला. मग त्याचा आला. मग सगळ्यात जास्त स्वतःचा. एका दिवसाच्या ओळखीच्या बाईला जे दिसलं, ते मी वर्षभर छप्पर, खिट्या आणि टाकीच्या भांडणात झाकून ठेवलं होतं. गाडीत जाऊन मी अरुणला सरळ विचारलं. तो भांडी पुसत होता, पुसून ठेवलेलं भांडं त्याने पुन्हा पुसलं. "शेण आणि माती एकाच रंगाची असते," तो म्हणाला. मी आणखी विचारलं असतं तर भांडण झालं असतं. मी विचारलं नाही, आणि रात्रभर कूस बदलत पडले.

सोमवारी सकाळी खळं वाळून कडक झालं होतं. नवी मेढ उभी होती. पारूबाईने अनवाणी मधोमध उभं राहून टाच आपटून बघितली, मान हलवली. आम्ही निघायची तयारी करत होतो, तेव्हा ती दिराकडे वळून मोठ्याने म्हणाली, "काळू, तुला मुरबाडला पट्टा आणाचा हाय ना ट्रॅक्टरचा? मंग यांचीच गाडी चालव की. मोटी गाडी चालवाची तुला हौसच हाय." काळूदादाकडे ट्रकचं लायसन्स होतं. झोडणी टाकून त्याला मुरबाडला जायची गरज नव्हती, हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि अरुणलाही. त्याने किल्ली काळूदादाच्या हातात दिली आणि मागे जाऊन टेबलापाशी बसला. गाडी घेतल्यापासून चार वर्षांत तो पहिल्यांदाच त्या जागेवर बसला होता. किन्हवली गेली, सरळगाव गेलं, त्याने खिडकीचा पडदाही सरकवला नाही.

मुरबाडला किशोरशेठच्या आवारात आठ-दहा जुन्या गाड्या उभ्या होत्या. काळूदादा पट्टा आणायला बाजारात गेला. किशोरशेठने आमच्या गाडीभोवती एक फेरी मारली, आत चढून छपराचा गळका कोपरा दाबला, ओलीचा वास घेतला, आणि खुर्चीत बसत सहज विचारलं, "गाडी तं चांगली हाय. मग बदलता कशाला?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे कारणं तयारच होती, छपरापासून सुरुवात करणार होते.

"मला दिसत नाही," अरुण म्हणाला.

किशोरशेठ खुर्चीत पुढे सरकले.

"उजव्या डोळ्यासमोर मधोमध काळा डाग आहे, डावाही अंधुक झालाय. समोर माणूस उभा असला तरी कळत नाही. डॉक्टरांनी गणपतीच्या आधीच गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलंय." हे सगळं तो त्या अनोळखी माणसाला सांगत होता. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. "आता ही चालवणार. हिला झेपेल अशी दाखवा."

गणपतीच्या आधी म्हणजे चार महिने झाले. चार महिने हा माणूस मला शेजारी बसवून हायवेने फिरवत होता! त्याला तिथेच फाडून खावं असं वाटलं आणि त्याचा हात धरावा असंही वाटलं. किशोरशेठसमोर दोन्ही जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी त्यांना पाणी मागितलं.

त्यांनी एक छोटी व्हॅन दाखवली. दोन माणसांचा बिछाना, एक शेगडी, टाकी नाहीच. आवारात तीन चकरा मारून बघितल्या. चौथ्या चकरेला मी किशोरशेठची तुळस पाडली. तरी त्यांनी गाडी दिली. आमचं सामान हलवायला जेमतेम अर्धा तास लागला. पट्टा घेऊन परतलेल्या काळूदादाने जाताना जुन्या मोटरहोमकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "आता खळ्यात आलात तं निदान चर तरी बारीक पडतील."

कल्याणच्या रस्त्याला लागलो. मी घट्ट स्टिअरिंग धरून चालले होते आणि अरुण डाव्या सीटवरून सूचना देत होता. गिअर बदल. एवढ्या हळू कशाला? मागचा हॉर्न देतोय. तीन दिवसांची माझी सगळी चिडचिड पुन्हा उफाळून आली आणि मी म्हणाले, "तुला दिसतंय का? नाही ना? मग गप्प बस!"

त्याने तोंड खिडकीकडे वळवलं. मला लगेच वाईट वाटलं, पण शब्द परत कसे घ्यायचे ते सुचेना. मी त्याच्यावर चिडले होते, त्याच्या डोळ्यांवर चिडले होते, आणि ज्या रस्त्यांवर आम्ही अजून गेलोच नाही त्या सगळ्यांवर.

मग त्याने अगदी हळू विचारलं, "डावीकडे काय आहे आता?"

मी गाडीचा वेग आणखी कमी केला. मागचा हॉर्न देत होता, देऊ दे.

"भात कापलेलं शेत आहे," मी म्हणाले. "त्यात बगळे. सात-आठ असतील. एक बाई डोक्यावर भारा घेऊन बांधावरून चाललीय, लाल लुगडं आहे. मागे डोंगर. थांब, बगळे उडाले."

"कुठे?"

"तुझ्या बाजूने," मी म्हणाले, "अगदी तुझ्या खिडकीवरून."