यमुनाक्कांची उलटी शिडी

यमुनाक्कांनी माझ्या हातातली काडेपेटी घेतली, टेबलावर ठेवली आणि त्या रडायला लागल्या. शिडीची ही पहिलीच पायरी होती.

शिडी हा आमच्या कामातला शब्द. जिची भीती वाटते त्या गोष्टीच्या लहानमोठ्या पायऱ्या करायच्या. पेशंटनं सगळ्यांत सोप्या पायरीवर थांबायचं आणि धडधड ओसरली की वर चढायचं. साठच्या दशकात ही पद्धत अगदी नवी होती. मी मूळची बेळगावची, बंगलोरच्या एका हॉस्पिटलात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होते. मराठी बोलणारं कोणी आलं की ते माझ्याच खोलीत पाठवलं जायचं.

यमुनाक्का बंगलोरमधल्याच चामराजपेटच्या. घराणं पिढ्यान्पिढ्या इथलं, नवऱ्याचं टेलरिंगचं दुकान. स्टोव्हवरचं पातेलं उतरवताना त्यांचा पदर पेटला होता. जखमा भरल्या, भीती गेली नाही. घरच्यांनी मायेपोटी काडेपेट्या लपवल्या, स्वयंपाक शेजारी जावेच्या घरी हलवला, देवापुढचा दिवाही नवरा लावू लागला. आता मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. दारात आलेल्या नवरदेवाला मुलीच्या आईनं ओवाळायचं. जाऊ ओवाळेल, असं घरात परस्पर ठरलं होतं.

“सगळं तिनंच करायचं, मग मी आई कशाची?” यमुनाक्का म्हणाल्या.

आमच्या विभागाचे साहेब अधीर स्वभावाचे. केस ऐकून आदल्या दिवशीच म्हणाले होते, “गोळी द्या आणि स्टोव्हसमोर बसवा. तासाभरात भीती जाईल.”

“सर, त्या परत येणार नाहीत.”

“आणि लग्न तुमच्या शिडीसाठी थांबणार आहे का?”

थांबणार नव्हतं, हे मलाही दिसत होतं. म्हणून यमुनाक्का रडायच्या थांबल्यावर मी सरळ विचारलं, “काडी बघून काय आठवलं?”

“जाळ नाही हो डॉक्टरम्मा. पदर आठवला.”

मी पाटीवर पायऱ्या लिहिल्या होत्या: काडी, निरांजन, स्टोव्ह, आचाऱ्याची भट्टी. आग जेवढी मोठी तेवढी भीती मोठी, असा माझा हिशेब. यमुनाक्कांनी नकारार्थी मान हलवली. “भट्टी आपल्या जागेवर ऱ्हाते. मी लांब थांबले की झालं. निरांजन माझ्या हातात येतं, पदराजवळ.”

मी पाटी पुसली आणि खडू त्यांच्या हातात दिला. शाळा कन्नड असल्यामुळे त्यांनी कन्नडमध्येच लिहिलं. पहिली पायरी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातली भट्टी, अंगणातून बघायची. मग स्टोव्ह, मग काडी. निरांजन आधी माझ्या हातात, मग त्यांच्या, पदर खोचून. शेवटी पदर मोकळा सोडून.

“शेवटची पायरी कशाला? खोचूनच ओवाळा की,” मी म्हटलं.

“व्याह्यांसमोर पदर खोचून? भांडायला आल्यासारखं?”

मला हसू आलं, त्यांनाही आलं. त्या पहिल्यांदाच हसत होत्या. पायरी राहिली.

काही दिवस चांगले गेले, काही वाईट. एकदा त्या खालच्या पायरीवर परत गेल्या, तेही त्यांनीच ठरवलं. मी नवऱ्याला बोलावून घेतलं.

“आम्ही तिला जपलं, ते चुकलं का?” ते कळवळून म्हणाले.

“नाही अण्णा. पण घरात काडेपेटी समोर ठेवा. आता थोडं कमी जपा.”

“सरी,” ते कन्नडमध्ये ‘बरं’ म्हणाले. “स्वल्प कमी जपतो.”

लग्नाला मीही गेले. नवरदेव मांडवाच्या दारात आला, यमुनाक्का ताट घेऊन पुढे झाल्या आणि वाऱ्यानं निरांजन विझलं. काडेपेटीसाठी सगळे घरात धावले आणि रिकाम्या हातांनी परतले. इतकी नीट लपवली होती की लपवणाऱ्यांनाच सापडेना. अण्णा माझी नजर चुकवत होते.

जावेनं हात पुढे केला. “द्या अक्का, मी बघते.”

“नुसतं धर,” यमुनाक्का म्हणाल्या.

ताट तिच्या हातात देऊन त्यांनी पदराची गाठ सोडली. आत आमच्या हॉस्पिटलची काडेपेटी होती. त्यांनी काडी ओढली, निरांजन लावलं, ताट परत घेतलं आणि मोकळ्या पदरानं जावयाला ओवाळलं. ओवाळणं कुठेही थांबलं नाही. मी मात्र डोळे पुसत होते.

सोमवारी साहेबांनी विचारलं, “झालं का तुमच्या शिडीचं?”

“झालं सर. फक्त ती माझी नव्हती.”

तेव्हापासून मी खडू आधी पेशंटच्या हातात देते. आणि घरच्यांना बजावते, काडेपेटी सापडेल अशी ठेवा.