भाच्याच्या बँडचा पहिला अल्बम

परदेशात, डँडेनॉन्गच्या फॅक्टरीत माझ्याबरोबर काम करणारी एक ग्रीक बाई शिफ्ट संपली की मला गाडीने स्टेशनवर सोडायची. एकदा तिने ग्रीसमधल्या भाच्याच्या मेटल बँडचा पहिलावहिला अल्बम लावला. गिटार आणि ड्रम्सचा नुसता दणदणाट होता. आवाज कमी कर, असं मी सांगणार होतो, तेवढ्यात क्लॅरिनेट वाजू लागलं आणि कुणी म्हातारी बाई रडत रडत गाऊ लागली. माझ्या सहकारिणीने गाडी कडेला घेतली.

"आमच्या गावात मयताला असंच गातात," ती म्हणाली. "आई गेली तेव्हा मला जाता आलं नाही."

"मलाही नाही," मी म्हणालो. "वडील गेले तेव्हा."

गाणं संपेपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो. मग तिने मला थेट घरी सोडलं.