छर्ऱ्यासाठी काढलेले वर्तुळ

दादा गेल्याचा फोन आला, तेव्हा माझ्या बोटांना अजून रॉकेलचा वास येत होता. त्या रविवारी सकाळी आम्ही दोघे सोनागिरीतल्या त्याच्या घरी, व्हरांड्यात बसलो होतो. त्याने जुन्या मोटारसायकलचा क्लच साफ करायला उघडला होता आणि मी नुसता कपड्याने एकेक भाग पुसून त्याच्या हाती देत होतो. ऊन जाळीतून उतरून त्याच्या पांढऱ्या केसांवर आले, तसा तो उठला. “उरलेलं उद्या,” म्हणाला. मी बाग सेवनियाला माझ्या घरी पोचलो, जेवलो, आणि वहिनीचा फोन आला. दुपारचा झोपलेला माझा थोरला भाऊ जागा झालाच नव्हता...

त्याला आता सहा आठवडे झाले. व्हरांड्यात त्याने पसरलेले वर्तमानपत्र मात्र तसेच होते. वहिनी त्याच्या भोवतीने केर काढत असे. कागदावर डावीकडून उजवीकडे पेन्सिलची वर्तुळे आणि प्रत्येक वर्तुळात एक भाग, ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने. दादाची ती आयुष्यभराची रीत. कारखान्यात यंत्रे जुळवण्यात त्याची सारी नोकरी सरली. घरी मिक्सर उघडायचा असला तरी तो आधी वर्तुळ काढी, मग स्क्रू फिरवी. त्या दिवशीचे सर्वांत लहान वर्तुळ होते छर्ऱ्याचे. छर्रा म्हणजे वाटाण्याहूनही लहान पोलादी गोळी. इंजिनाच्या आत दोन बारीक दांड्यांच्या मध्ये ती बसते. क्लचचा लिव्हर दाबला की एक दांडी गोळीला ढकलते, गोळी दुसरीला, आणि क्लचच्या चकत्या एकमेकींपासून सुटतात. ती गोळी नसेल तर काय होते, हे मला ठाऊक आहे. ते सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

पंचवीसएक वर्षांपूर्वी दादा पिपलानीच्या क्वार्टरमध्ये राहत असे, आणि मी त्याच्याकडे. बाजारात हनीफभाईंचे गॅरेज होते. दर रविवारी दादा तिथल्या बाकावर बसून त्यांच्याबरोबर चहा घेई. त्यांनी दादाच्या मोटारसायकलला नव्या चकत्या बसवल्यावर मला लिव्हर जड वाटला आणि तसे मी, नुकताच इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला, चारचौघांत बोललो. हनीफभाई हसले. “को खां,” म्हणजे “काय हो,” ही त्यांची नेहमीची सुरुवात. “को खां इंजीनियर साब, किताब में क्लच वाला पन्ना फटा हुआ था क्या?” सगळे हसले. दादाही हसला. ते हसू मला लागले.

दुसऱ्या दिवशी दादा पायीच पहिल्या पाळीला गेल्यावर मी अंगणात एकट्याने क्लच उघडला. कागद पसरला नाही. बंद केला तेव्हा लिव्हर सैल पडला, म्हणून स्क्रू पिळत पिळत ताण आणला. गाडी चालली. मला धन्य वाटले. पुढच्या सकाळी अंगणातल्या मोरीच्या जाळीपाशी काहीतरी चकाकले. ती गोळी होती. मी क्षणभर पाहिले आणि पायाच्या अंगठ्याने ती आत लोटून दिली.

तीन आठवड्यांनी दादा मला मागे बसवून निघाला होता. थंडीची दुपार, रस्ता धूसर, सगळे जणू पाण्याखालून दिसावे तसे. आणि अचानक लिव्हर दाबूनही गिअर सुटेना. गाडी आचके देऊन बंद पडली. दादाने ती कडुलिंबाखाली घेतली. तो कधीच घाई करत नसे. आधी लिव्हर पाहिला, मग केबलचे वरचे टोक, मग खालचे. “लिव्हर ठीक. केबलही ठीक. इंजिनावरचा लिव्हरसुद्धा हलतोय... म्हणजे दुखणं पोटात आहे, श्री.” स्क्रू शेवटपर्यंत पिळलेला पाहून तो थांबला. मग त्याने आतली दांडी ओढून काढली. तिचे टोक घासून चेपलेले, तापून निळे पडलेले.

“छर्राच नाही,” तो म्हणाला. मग, माझ्याकडे न पाहता, “हनीफनंतर कोणी उघडलं होतं का रे?”

“नाही.”

तो निळे टोक बराच वेळ न्याहाळत राहिला. मग म्हणाला, “बरं.”

त्यानंतर दादा गॅरेजात गेला नाही. भांडला नाही, कुणाजवळ बोलला नाही. बाजाराला जायचा रस्ता तेवढा बदलला. दर रविवारी तो घरीच चहा प्यायचा आणि मी समोर बसायचो. सांगावेसे वाटे. मग वाटे, पुढच्या रविवारी...

तेराव्याला हनीफभाई आले. दाढी पांढरी, काठी हातात. फोटोसमोर उभे राहिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “छोटे भाई, एक बात उनसे पूछनी थी, हिम्मत नहीं हुई। हमसे क्या ग़लती हो गई थी?” मी त्यांना खरे सांगितले नाही. त्या दिवशीही.

पाच दिवसांनी मी पिपलानीला गेलो आणि त्याच बाकावर बसून सर्व सांगितले. मोरीची जाळीसुद्धा. हनीफभाई हातातला पाना कितीतरी वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, “वो जानते थे। अख़बार पर घेरे बनाना मुझे उन्होंने ही सिखाया था। घेरे में छर्रा पड़ा हो और मैं गाड़ी बंद कर दूँ? उसी वक़्त समझ गए होंगे।” पाना खाली ठेवत, “मेरे सामने बैठते तो झूठ बोलना पड़ता, या आपका नाम लेना पड़ता। आपको बचा लिया। भाई थे, ठीक किया। मगर मेरी पच्चीस बरस की चाय तो गई ना, मियाँ।”

माफ केले, असे ते म्हणाले नाहीत. मीही माफी मागितली नाही. एवढेच विचारले की गाडी उघडी पडली आहे, याल का?

गेल्या रविवारी ते आले. कागदापुढे उकिडवे बसून ती वर्तुळे एखादे पत्र वाचावे तशी वाचत राहिले. मग उजवीकडून सुरुवात केली. एकेक भाग आत गेला, एकेक वर्तुळ रिकामे झाले. छर्ऱ्यापाशी त्यांचा हात थांबला.

“ये आप डालिए।”

मी गोळीला ग्रीस लावले. ती आत सरकली आणि दांडीला टेकल्याचा अगदी बारीक आवाज आला.

“पहुँच गया?”

“पहुँच गया.”

वहिनीने चहा आणला. हनीफभाई दादाच्या जागी, भिंतीला टेकून बसले. सावकाश चहा प्यायले. रिकामा कप त्यांनी समोरच्या कागदावर ठेवला आणि काठी टेकत निघाले. वहिनी कागद उचलू लागली, तेव्हा मी तिला थांबवले. तो अजून व्हरांड्यात आहे. पेन्सिलची सगळी वर्तुळे त्यावर रिकामी आहेत, आणि शेजारी कपाचे एक ओले वर्तुळ उमटले होते, ते आता वाळले आहे.