पिशवीत काय होतं

सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या जळीत वॉर्डात कुंडलिक सव्वीस वर्षं ड्रेसर होता. सकाळी आठला पहिल्या खाटेपाशी उभं राहायचं, चिकटलेल्या पट्ट्यांवर सलाईन ओतायचं, त्या भिजून सुटेपर्यंत थांबायचं आणि मग एकेक पदर सोडवायचा. शेवटची खाट उरकेपर्यंत दोन वाजत आणि गुडघे बोलायला लागत. पट्टी काढताना माणसं त्याला शिव्या घालत. बरी होऊन निघाली की त्यांच्याच बायका त्याच्या पाया पडत. त्यानं दोन्ही मनावर घ्यायचं कधीच सोडलं होतं. घरी त्याची बायको केराबाई आंघोळीला पाणी काढून ठेवी. दिवस कसा गेला हे विचारायचं तिनंही सोडलं होतं.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना वॉर्डात नवीन चाचणी सुरू झाली. बाळंतिणींनी खुशीनं दिलेल्या नाळेतून स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी काढायच्या आणि भाजलेल्या माणसाच्या शिरेतून द्यायच्या. भाजल्यावर अंगात जी आग उसळते, सूज चढते, ती त्यानं लवकर उतरते का, हे बघायचं होतं. निम्म्यांना पेशी आणि निम्म्यांना नुसतं सलाईन, वाटणी पुण्यातला कंप्युटर करी. बाकीचे उपचार सगळ्यांना सारखेच. कुणाला काय मिळालं हे कुणालाच कळू नये म्हणून पिशवीवर काळं कव्हर चढवलेलं असे. वॉर्डात सगळे त्याला 'नाळेचं औषध' म्हणू लागले. कुंडलिककडे एक जादा काम आलं. सकाळ-संध्याकाळ रोग्याच्या हातापायांना टेप लावायची आणि सुजेचं माप कागदावर लिहायचं.

मे महिन्यात सांगोल्याकडचा मायाप्पा दाखल झाला. कडब्याच्या गंजीनं पेट घेतला होता आणि शेजारी मेंढरं जाळीत कोंडलेली होती. जाळी कापता कापता त्याचे दोन्ही हात आणि पाय भाजले. मेंढरं बहुतेक वाचली. चाचणीत घ्यायचं का, हे वॉर्डच्या प्रमुख राजनंदिनी मॅडमनी सगळं समजावून विचारलं. मायाप्पा मान हलवून हो म्हणाला. हात बांधलेले, म्हणून कागदावर अंगठा त्याच्या बायकोनं, अंबुबाईनं उठवला.

पिशवी लागली त्या दिवसापासून अंबुबाई कुंडलिकच्या मागं लागली.

"दादा, पिशवीत काय व्हतं? दवा का नुसतं पानी?"

"मला न्हाय ठावं."

"डाक्टरीनबाईस्नी?"

"त्यांनाबी न्हाय."

"मग कुनाला ठावं हाय?"

"पुण्यातल्या कंप्युटरला," कुंडलिक म्हणाला.

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं तेच विचारलं, तिसऱ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी दुपारी हात धुवायला तो व्हरांड्यातल्या नळाशी गेला, तर ती तिथंच भिंतीला टेकून बसली होती. फडक्यातली भाकरी तशीच होती.

"चार दीस झालं, घास उतरंना," ती म्हणाली. "अंगठा म्या दिला, दादा. पान्यावर घातला असंल तर माज्याच हातानं घातला की."

त्या दिवशी कुंडलिकनं अकरा ड्रेसिंग केली होती. उन्हानं व्हरांड्याची फरशी तापली होती. टॉवेलला हात पुसत तो म्हणाला, "दवाच हाय. सूज उतरतीय, हाताला कळतंय माज्या. खा आता."

ती खरंच खाऊ लागली. कुंडलिक कपडे बदलून घरी गेला. दया आली म्हणून आपण बोललो की रोजच्या विचारण्याचा वीट आला म्हणून, हे त्याला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढंही कधी ठरवता आलं नाही.

मायाप्पाच्या शेजारच्या खाटेवर अक्कलकोटकडचा शरणबसव होता. फरसाणाच्या दुकानात उकळत्या तेलाची कढई कलंडून त्याची छाती आणि उजवा हात भाजला होता. तोही चाचणीत होता. एक पिशवी झाली होती, दुसरी आठवड्यानं लागायची होती. त्याची सूज काही हटत नव्हती. त्याचा बाप शंकरप्पा व्हरांड्यात अंबुबाईच्या शेजारीच पथारी टाकून असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शंकरप्पा वॉर्डाच्या दारात येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही. "येन्री मामा," तो कानडी हेलात कुंडलिकला म्हणाला, "तेन्ला दवा आन् आमच्या पोराला पानी? तुमाला ठावं व्हतं, मग आमाला का नाय सांगितलं?"

शंकरप्पा थेट मॅडमकडे गेला आणि चाचणीतून नाव काढा म्हणाला. मॅडमनी तासभर समजावलं. संध्याकाळी त्यानं सही केली, गाडी बोलावली आणि पोराला विजापूरकडं दुसऱ्या दवाखान्यात घेऊन गेला. गाडीत चढवताना शरणबसवच्या छातीवरची पट्टी सरकली होती. ती कुंडलिकनंच नीट केली.

मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"तुम्ही सांगितलंत?"

"व्हय."

"तुम्हाला खरंच कळलं होतं?"

"न्हाय मॅडम. सूज उतरत होती, एवढंच. ती अशीबी उतरते."

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांची सलग दुसरी ड्युटी होती. "बाई उपाशी होती, ते मला समजतं. पण जो माणूस माप घेतो त्यानंच असं सांगितल्यावर त्या मापावर विश्वास कसा ठेवायचा? मला हे वर कळवावं लागेल."

टेप आणि कागद दुसऱ्याच दिवशी नर्सकडे गेले. काम कमी झालं होतं, पण कुंडलिकला ते लागलं. सव्वीस वर्षांत त्याच्या हातावर कुणी अविश्वास दाखवला नव्हता.

दुपारी तो अंबुबाईपाशी गेला. "मी अंदाजानं बोललो व्हतो. मला काय ठावं नव्हतं."

"ठावं हाय की मला," ती म्हणाली. "तुमास्नी कुटनं कळनार? पर त्या दिशी भाकरी गेली पोटात."

"मग शंकरप्पाला कशाला सांगितलंस?"

अंबुबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्येबी जेवत नव्हतं. आमाला दवा घावली तशी तुमालाबी घावली आसंल, म्हनलं. त्येनं उलटंच धरलं."

कुंडलिक तिच्या शेजारी फरशीवर बसला.

मायाप्पा बावन्न दिवस राहिला. मांडीचं कातडं काढून हातांना लावलं, एकदा ताप चढला, उतरला. पुढं चौदा महिन्यांनी चाचणी संपली आणि कुणाला काय दिलं होतं त्याची बंद पाकिटं उघडली गेली. तपासणीला आलेल्या मायाप्पाला मॅडमनी सांगितलं, तुमच्या पिशवीत सलाईन होतं. पेशी मिळालेल्यांची सूज थोडी लवकर उतरल्यासारखी दिसत होती, पण माणसं फार कमी. एवढ्यावर काही म्हणता येणार नाही, मोठी चाचणी करावी लागेल.

"म्हंजे पान्यानंच बरा झालो म्हना की," मायाप्पा म्हणाला.

"पान्यानं कशाला? ह्येंनी रोज धुतलं त्येचं काय?" अंबुबाई म्हणाली आणि तिनं कुंडलिककडं बघितलं. तो मायाप्पाची बोटं एकेक करून वाकवून बघत होता. करंगळी अजून मिटत नव्हती.

ती दोघं गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "शरणबसवच्या वडिलांशी बोलणं झालं. पोरगा वाचलाय. उजवं कोपर आखडलंय, कढईपाशी उभं राहता येत नाही, दुकानात वजनाला बसतो. त्याच्या पिशवीत काय होतं तेही आलंय. सांगू?"

कुंडलिकनं विचारलं, "त्येला सांगितलं का?"

"सांगितलं."

"मग मला नको."

खाट नंबर चारवरच्या बाईच्या पट्ट्या भिजत घातल्या होत्या. तो हातमोजे चढवत तिकडं गेला.