बोडक्या डोक्याची घोडेस्वार

हिनकलच्या चौकात ते भलंमोठं पोस्टर लागलं आणि माझं टाळकं सरकलं. काळा घोडा, बाईच्या हातात बंदूक, आणि कमरेपर्यंत भुरूभुरू उडणारे केस! वेस्टर्न सिनेमा आहे का शांपूची जाहिरात? खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय, 'सरस्वतीबाईंच्या चित्रकथेवर स्वैर आधारित'. स्वैर म्हणे! वर भेटेल तो माझंच अभिनंदन करतो. "सुमा, तुझ्या आत्याचा सिनेमा की ग!" अशा वेळी हातातली भाजीची पिशवी त्याच्या डोक्यात घालावीशी वाटते.

सरसूआत्या म्हणजे माझ्या वडलांची धाकटी बहीण. वय पंचाहत्तर, लग्न केलं नाही, चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली. राहते गोकुलमला. योगाच्या चटया काखेत मारून फिरणारे गोरे तिच्या फाटकाशी पत्ता विचारायला थांबतात. एकदा एकीनं मनःशांतीबद्दल विचारलं, तर म्हणाली, "ती इथे मिळत नाही. पुढच्या क्रॉसरोडला बघ." असा नाकावर राग. पण घोडा काढावा तर तिनंच. कॉलेजात असताना टांगास्टँडवर तासन्‌तास उभी राहून घोडे काढायची, आणि मॅटिनीला इंग्रजी काउबॉयची पिक्चरं बघायची. घरी सांगायची, संस्कृतचा जादा तास आहे.

त्यातूनच तिची तुंगा आली. मुलांच्या एका कन्नड मासिकात शेहेचाळीस महिने चालली ती चित्रकथा. उजाड माळ, दरोडेखोर, आणि त्यांच्या मागावर घोड्यावरून निघालेली एक सोवळी विधवा. अंगावर तांबडं आलवण, डोक्याचा तुळतुळीत गोटा. अशी वेस्टर्न कुणी बघितली होती?

ही तुंगा खरी होती. माझ्या आजोबांची बहीण. बाराव्या वर्षी नवरा गेला, आणि घरच्यांनी डोकं भादरून तिला स्वयंपाकघरात टाकलं. दर पंधरा दिवसांनी परसात न्हावी यायचा आणि पाण्याचा तांब्या द्यायला लहानग्या सरसूआत्याला पाठवायचे. एरवी तुंगाआजी नाकापर्यंत पदर ओढून भिंतीच्या कडेकडेनं चालायची. साठीत तशीच मेली. म्हणून आत्यानं चित्रकथेला एकच नियम केला होता. शेहेचाळीस भागांत एकाही चौकटीत तुंगाच्या डोक्यावर पदर येणार नाही. दरोडेखोर आधी त्या डोक्याला फिदीफिदी हसतात, मग त्यांची पळता भुई थोडी होते.

तर हा कार्तिकेय, तिशीतला दिग्दर्शक, बेंगळुरूहून आला. रद्दीत जुने अंक मिळाले म्हणे. आल्या आल्या पाया पडला. "अज्जी, एकदम वेगळी वेस्टर्न करायची मला." आत्यानं एकच विचारलं, "डोकं?" "डोकं तसंच, अज्जी. प्रॉमिस." आत्यानं कागदावर सही केली. वर सांगितलं, "मला फोनवर ऐकू येत नाही. काय विचारायचं ते आमच्या सुमाला विचार."

मुहूर्ताला आम्ही दोघी मेटगळ्ळीला गेलो. बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये त्यांनी लाकडी दुकानांची रस्ताभर खोटी वस्ती उभी केली होती. आत्या खुशीत होती. नवं इरकल नेसली होती, नारळ तिच्याच हातून फुटायचा होता. तेवढ्यात नटी बाहेर आली. पावनी तिचं नाव. आलवण होतं, पट्ट्याला बंदूक होती, आणि कमरेपर्यंत केस.

"ही कोण?" आत्यानं विचारलं.

"तुंगा, अज्जी."

"ही तुंगा असेल तर मी घोडा!"

कार्तिकेय समजुतीच्या सुरात बोलायला लागला. "अज्जी, केशवपन म्हणजे बाईचा अपमान. तो पडद्यावर दाखवणं आम्हाला बरं वाटेना. स्त्रियांचा मान राखायला म्हणून..."

"अपमान तिचा झाला आणि तोंड तू लपवतोस?" आत्याचा आवाज शेडभर घुमला. "आमच्या घरात बारा माणसं होती. ती वाढायची, बाराजण जेवायचे, पण मान वर करून एकानं तिच्याकडे बघितलं नाही. म्हणून काढली मी तिला. बघा म्हणून काढली, बघा! आणि तू तिला झाकतोस? मेल्या, शब्द दिला होतास ना मला?"

तो पोरगा कानापर्यंत लाल झाला. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "अज्जी, आम्ही फोन करून विचारलं होतं. सुमा मॅडम हो म्हणाल्या."

हो. म्हणाले होते मी. घ्या, आता मला जोडे मारा. तेव्हा माझ्या मुलाचा, रक्षितचा साखरपुडा नुकताच झालेला. मुलीकडचे मोठे लोक, बाप डॉक्टर, आई डॉक्टर. कार्तिकेयानं विचारलं, केस ठेवले तर चालतील का? माझ्या डोळ्यांसमोर व्याही-विहीण आली, थिएटरात बसलेली, आणि पडद्यावर आमच्या घरातली बोडकी. म्हटलं, "चालतील की. उलट बरंच दिसेल." दोन मिनिटांचं बोलणं. फोन ठेवला आणि मानाच्या साड्या बघायला गेले. आत्याला विचारायचं सुचलंसुद्धा नाही. सुचलं नाही कसलं, विचारलं नाही!

आत्यानं माझ्याकडे नुसतं बघितलं. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "घरात बारा होते. तू तेरावी."

नारळ तसाच ठेवून निघाली. माझ्या गाडीत बसली नाही, रिक्षा केली. नाव काढून टाका म्हणून तिनं तीन पत्रं लिहिली. सही झालेली, कोण ऐकतो? सिनेमा आला, हाऊसफुल्ल चालला, केस उडले की लोक शिट्ट्या मारतात. आता आत्या माझ्याशी दुधाबद्दल बोलते, बीपीच्या गोळ्यांबद्दल बोलते. दुसरं काही नाही.

रक्षितची बायको पूजिता सिनेमा बघून आली. दुसऱ्या दिवशी उठून गोकुलमला गेली, आत्याकडून ते जुने अंक घेऊन आली आणि तीन दिवस सोफ्यावर पाय दुमडून वाचत बसली. तिचं मराठी अर्धं कन्नड, मला सासूला 'अत्ते' म्हणते. शेवटचा अंक मिटून म्हणाली, "अत्ते, ही तुंगा बेस्ट की हो! सिनेमात हिला का नाही घेतलं?"

खोटं बोलायचाही कंटाळा आला होता मला. सांगून टाकलं. "तुझ्या माहेरच्यांना काय वाटेल म्हणून मीच नको म्हटलं."

तिला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, "आमच्याकडे? अय्यो, माझी पणजी अशीच होती की! बोडकं डोकं, तेच तांबडं लुगडं. तिचा केवढा मोठा फोटो आहे हॉलमध्ये, रोज हार घालतात डॅडी. साखरपुड्याच्या वेळी तुम्ही त्याच्याच समोर बसला होता, अत्ते. तीन तास."

मी आठवून आठवून दमले. सोफ्याचा रंग आठवला, चांदीची ताटं आठवली, विहिणीच्या कानातल्या हिऱ्याच्या कुड्यासुद्धा आठवल्या. तो फोटो मी बघितलाच नव्हता.