अळणी कपाळ

आमची धाकटी मीठ खायची. जेवताना ताटात वरून वाढून घ्यावं तसं नव्हे. बरणीतलं चिमूटभर तळहातावर घ्यायचं आणि आपण बडीशेप खातो तसं तोंडात टाकायचं. देवळालीच्या उन्हाळ्यात तिच्या मानेवर आणि कपाळावर घाम वाळून पांढरी पुटं चढायची. लग्न होऊन आली तेव्हा आठवड्यात सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं. "पोरगी बरी हाय ना गं? मिठाची बरनी खाली केली तिनं." धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिला नाव होतं, पण घरात ते कुणी घेतलं नाही.

आजार जन्मापासूनचा होता, सिस्टिक फायब्रोसिस. छातीतला कफ चिकट होऊन बसतो, खाल्लेलं अंगी लागत नाही आणि घामावाटे मीठ निघून जातं. तिच्या वडिलांनी काही लपवलं नव्हतं. बोलणी करायला पुणतांब्याहून आले तेव्हा त्यांनी जाडजूड फाइलच पुढ्यात ठेवली. भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि होकार दिला. आम्ही बाकीच्यांनी चहा घेतला.

रोज सकाळी भाऊजी तिला पालथं झोपवून, हाताची ओंजळ करून पाठ थोपटायचे. कफ सुटावा म्हणून. आवाज पार गल्लीत जायचा. शेजारच्या काकू एकदा तावातावानं आल्या. "मारतो काय गं तुला? सांग, आमी हाय." धाकटी खोकत खोकत हसली आणि म्हणाली, "मारतात की. पन दोन्ही बाजूंनी सारखं मारतात, तक्रार न्हाई." त्यानंतर काकूंनी आवाजावरून घड्याळ लावलं म्हणतात.

दिवस राहिले तेव्हा डॉक्टरांनी तासभर समजावलं. वजन कमी आहे, फुप्फुसं किती साथ देतील सांगता येत नाही, साखर वाढेल. भाऊजींचं रक्त तपासलं, त्यात दोष निघाला नाही. दोष आई-बाप दोघांकडून आला तरच आजार होतो, म्हणून बाळाला तो असण्याची शक्यता अगदी कमी. परतताना गाडीत धाकटीच म्हणाली, "ताई, लहानपनी एक डॉक्टर म्हनले हुते, धा वर्सं काढंल. मी एकोनतीसची हाय. त्यांचं गनित कच्चं हाय." मी शिक्षिका आहे. मला हसू यायला हवं होतं.

मुलगी तीन आठवडे आधी झाली, नगरच्या दवाखान्यात. बाळ छातीवर ठेवलं तशी धाकटीनं मान उचलून तिच्या कपाळाला जीभ लावली आणि म्हणाली, "अळनी हाय." नर्स बघतच राहिली. धाकटीच्या आईला लेकीचा पापा खारट लागायचा, तिथूनच तिच्या आजाराचा शोध सुरू झाला होता. पुढे बाळाची रीतसर तपासणीही चांगली आली. पण धाकटीचा भरवसा जिभेवर. रोज सकाळी एकदा कपाळ बघायची, "अळनी" म्हणायची, मगच पदराखाली घ्यायची.

अंगावर पाजण्यावरून बायकांनी पुष्कळ डोकं खाल्लं. हिचं दूध खारट असणार, आजार पोरीत उतरणार. डॉक्टर म्हणाले, दूध इतर कुठल्याही आईसारखंच आहे, प्रश्न आईच्या वजनाचा आहे. जेवढं पाजेल तेवढं जास्त खावं लागेल, नाहीतर ती खचेल. धाकटीनं ठरवून टाकलं. "सहा महिने पाजीन. फुडचं फुडं." मग एका हातात डिंकाचा लाडू, दर लाडवाबरोबर पचनाच्या गोळ्या, तोंडावर औषधाच्या वाफेचा मास्क आणि मांडीवर पोर, असा तिचा कारभार चालायचा.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. तिची आई आता हयात नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही सासरीच झालं. आईविना पोरीचं काही कमी पडलं असं कुणी म्हणू नये, म्हणून सासूबाईंनी सगळं साग्रसंगीत केलं. बाज विणून घेतली. दवाखान्यातून घरी आली त्याच दिवसापासून बाजेखाली शेगडी ठेवली आणि निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, शेपा टाकून धुरी दिली. निखारे मी नेऊन ठेवायचे. शेजारच्या रानात उसाचं पाचट पेटलं की धावत जाऊन खिडक्या लावणारी मी. फळ्यावर फुप्फुसांची आकृती काढून मुलांना श्वसन शिकवणारी मी. धुरी आम्हाला औषध वाटायची, ती धुरात मोडते हे कुणाच्या मनातच आलं नाही. धाकटीला माहीत होतं. ती तोंडाला पदर लावून निजून राहायची. पाचव्या दिवशी ती खोकली आणि बाळाच्या दुपट्यावर रक्त पडलं.

"बोलली का नाहीस?" मी अँब्युलन्समध्ये विचारलं.

"आईंनी इतक्या हौसेनं केलं. माझी आई असती तर तिनंबी केलं असतं."

नगरला तीन आठवडे गेले. डॉक्टरांनी पाजताना चालतील अशी औषधं निवडली. मी रजा टाकून दवाखान्याजवळ खोली घेतली आणि दर तीन तासांनी बाळ तिच्याकडे नेत राहिले. नळ्या लावलेल्या हातानं ती पोरीला धरायची. धुरीनंच झालं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, संसर्ग आधीपासूनही असेल, नक्की सांगता येत नाही. ते वाक्य सगळ्या घरानं उचललं. सासूबाईंनी शेगडी माळ्यावर टाकली.

धाकटी त्यानंतर पहिल्यासारखी झाली नाही. पण सहा महिने तिनं पाजलं, एक दिवसही कमी नाही. उष्टावणाच्या दिवशी पोरीच्या तोंडात खिरीचं बोट गेलं, तसं भिंतीला टेकत म्हणाली, "झालं माझं. आता तुमी समदी भरवा." पोर अडीच वर्षांची असताना ती गेली. आदल्या दिवशी मला म्हणाली, "ताई, सकाळी कपाळ बघत जा." मी हो म्हटलं. मला रडू आलं नाही, अजून आलेलं नाही. शाळेत जाते, स्वयंपाक करते. मिठाची बरणी आता दोन महिने पुरते.

पोर आता चार वर्षांची आहे, मला मोठी आई म्हणते. सकाळी आपणहून कपाळ पुढे करते. परवा मात्र भर दुपारी अंगणात खेळून आली आणि येऊन बिलगली. मी पापा घेतला तो खारट लागला. तपासणीचा कागद कपाटात आहे, मला तो पाठ आहे, तरीही खालीच बसले. मग माझ्याच घामेजल्या मनगटाला जीभ लावून पाहिली. तेवढंच खारट.

"मोठी आई, अळनी?" तिनं विचारलं.

"अळणी," मी म्हणाले.

ती पुन्हा उन्हात पळाली. मी मनगट पदराला पुसलं आणि तिथंच बसून राहिले.