एकशे एक वेळा

"आँटी, मुलासाठी घेताय का?" दादरच्या कार्डांच्या दुकानातल्या दाढीवाल्या मालकाने विचारलं.

"छे हो," मी म्हटलं, "मुलाला मारायला."

तो हसला. मी नाही. मी लालबागची, पन्नाशी उलटलेली, गिरगावात वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करणारी बाई, आणि मला त्या ड्रॅगन-चेटकिणींच्या खेळात पोटच्या पोराला चारी मुंड्या चीत करायचं होतं.

खेळ त्यानेच शिकवला. नोकरीला बेंगळुरूला गेला, तरी घरी आला की डाव व्हायचाच. दोघांनी साठ-साठ कार्डांचे गठ्ठे घेऊन बसायचं, प्रत्येकाला वीस लाईफ, वार करणाऱ्या कार्डाची जेवढी ताकद तेवढ्या त्या कमी, ज्याच्या संपल्या तो गेला. दिवाळीत मी जिंकले. अशी नाचले की खालच्या बिऱ्हाडातून विचारणा आली. मग हा गेला अंघोळीला, मी पसारा आवरायला घेतला आणि त्याच्या हातातली कार्डं सहज उलटी केली. मला दोन पाळ्यांपूर्वीच मारता आलं असतं असं कार्ड मेल्याकडे होतं. वापरलंच नव्हतं. आईला जिंकू दिलं! असला संताप आला! तो लहान असताना कॅरममध्ये मी त्याला एकदा तरी सोडलं होतं का? हरेन, हजारदा हरेन, पण यापुढे त्याने मला पूर्ण जोर लावून हरवायचं. एवढंच मला हवं होतं.

म्हणून कॉम्बो. म्हणजे अशी तीन कार्डं, जी एकेकटी फालतू, पण एकत्र आली की आकाश फाटलं. माझ्या साधूमुळे माझ्या माणसाच्या मरणागणिक मला एक लाईफ मिळते. माझी चेटकीण माझ्या पाळीत माझंच माणूस हवं तितक्या वेळा फुकट मारते. आणि माझं पिशाच्च मेलं की तिथल्या तिथे उठून बसतं. कळलं ना? ती मारतेय, ते उठतंय, साधू लाईफ वाटतोय, संपायचं नाव नाही! हे मला बसमध्ये सुचलं आणि मी मोठ्याने "अगं बाई!" म्हणाले. शेजारच्या बाईने पर्स सरकवली.

पण तिघं एकत्र यायला हवीत ना. साठातली ती तीन हातात येईपर्यंत समोरचा मला खाऊन ढेकर देणार. मग शोधाशोधीची कार्डं भरा, अडवाअडवीची भरा, आणि आवडती काढा. एक निळा ड्रॅगन काढताना तर अगदी जिवावर आलं, इतकं गोड तोंड होतं त्याचं. रविवारी डाळ शिजेपर्यंत मी ओट्यावर दोन्ही बाजूंनी एकटीच खेळायची. नवरा म्हणायचा, "हरल्यावर शिव्या कोणाला घालतेस?" मी म्हणायची, "तुम्हालाच घालणार, थांबा जरा."

मे महिन्यात पोरगा चार दिवसांसाठी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता झाल्याझाल्या बसलो. तो आपला निवांत, एका हाताने मोबाईल बघतोय. मी नऊ लाईफवर आले, आणि तेवढ्यात तिसरं कार्ड आलं. मी इतक्या घाईने मांडायला गेले की साधू चटईखाली गेला. तो काढला, मांडला, आणि सगळा फेरा समजावून सांगितला.

त्याने मोबाईल ठेवला. तीनदा कार्डं वाचली. "आई," तो म्हणाला, "हे तू बनवलंस?"

"मग काय तुझ्या बापाने?"

"मानलं. किती वेळा करतेस?"

असा न संपणारा फेरा लागला की प्रत्यक्ष करत बसत नाहीत. आकडा एकदाच बोलायचा, बोलला की बोलला. हजार म्हणा, कोटी म्हणा, कोण अडवतंय? पण मी आनंदाने इतकी वेडी झाले होते, आणि आमच्या घरात शुभ कामाला तोंडात एकच आकडा येतो. लग्नाच्या आहेराला जो, मुंजीला जो, तोच.

"एकशे एक!" मी ओरडले.

नवऱ्याने पेपर खाली केला. "एकशे दहा लाईफ झाल्या तुझ्या," पोरगा हळूच म्हणाला, आणि मांडी घालून नीट बसला. कान लाल झाले. दहावीला गणित अडलं की व्हायचे, तसेच. पंधरा मिनिटं तो ओठ हलवत हिशेब करत होता. हातातलं, पुढ्यातलं सगळं बळी देऊन त्याने नवी कार्डं ओढली. त्याचा सात ताकदीचा उडता ड्रॅगन, त्याच्यावर ताकद दुप्पट करायचं एक कार्ड. चौदा. दुसरं. अठ्ठावीस. तिसरं. छप्पन्न. चौथं कार्ड त्याने शेवटच्या ओढीत ओढलं आणि चटईवर आपटलं. एकशे बारा! उडत्याला माझं पिशाच्च काय अडवणार, कपाळ!

"मेलीस!" तो किंचाळला. पोरगा माझा, सत्तावीस वर्षांचा, उभा राहून किंचाळला. "आई, मेलीस तू! बाबा, घाम फुटला हो मला!"

मी हरले होते आणि मला हसू आवरत नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नवऱ्याला वाटलं मनाला लावून घेतलं, तो उठून पाणी घेऊन आला.

"कोटी म्हणाली असतीस तर संपलो होतो," पोरगा म्हणाला. "उद्या परत. पण माझा हा गठ्ठा नाही पुरायचा." त्याने बॅगेतून कार्डांचा डबा काढला आणि सगळी जमिनीवर ओतली. एकेक उचलून वाचायला लागला, माझ्या चेटकिणीला काय लागू पडेल ते शोधत. जेवायला तीनदा हाक मारली, आला नाही. आमटी थंड झाली, आणि मी त्याला अजिबात ओरडले नाही.